गरोदरपणाची तपासणी आणि एचआयव्हीची सेवा एकाच दारात: प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सविस्तर मार्गदर्शक

गरोदर बाईची नोंद उपकेंद्रात होते. रक्त तपासायला तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागतं, खात्रीच्या तपासणीला ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात), गोळ्यांना जिल्ह्याच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचार केंद्राला). सोनोग्राफी आणखी कुठेतरी होते आणि सातव्या महिन्यात ती माहेरी जाते. प्रत्येक टप्प्यावर तिच्या हातात एक चिठ्ठी पडते. चिठ्ठी देणाऱ्याचं काम तिथे संपतं, आणि बाई हरवायला सुरुवातही बहुतेक वेळा तिथेच होते. एचआयव्ही आणि प्रजनन आरोग्याच्या सेवा जोडायच्या म्हणजे या चिठ्ठ्या कमी करायच्या, आणि जी टाळताच येत नाही तिच्यासोबत माणूस पाठवायचा. हा लेख वैद्यकीय अधिकारी, एएनएम (उपकेंद्रातल्या सिस्टर), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), समुपदेशक आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, बाळाला औषध मिळालं, तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले, आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये आला, २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला तीन औषधांचा आयुष्यभराचा उपचार मिळू लागला आणि २०१७ पासून सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे हे न बघता सगळ्याच बाधितांना. आज किट आहेत, गोळ्या आहेत, दोन्ही मोफत आहेत. तरी एखाद्या बाळाला संसर्ग होतो तेव्हा कारण शोधलं तर ते औषधात क्वचितच सापडतं. तपासणीच झाली नव्हती, निकाल तिच्यापर्यंत पोचला नव्हता, किंवा गोळ्या मध्येच तुटल्या होत्या, असंच काहीतरी निघतं.

आधी एका बाईचा रस्ता कागदावर काढा

सिस्टर, लॅब टेक्निशियन, दोन-तीन आशा ताई आणि जवळच्या आयसीटीसीचे समुपदेशक यांना एका दुपारी एकत्र बसवा. तुमच्या हद्दीतलं सगळ्यात लांबचं गाव निवडा. तिथल्या पहिलटकरणीला नोंदणीपासून बाळ १८ महिन्यांचं होईपर्यंत कुठे कुठे जावं लागेल ते लिहा. ठिकाण, वार, किती किलोमीटर, एसटी आहे की वडाप, भाडं किती, मजुरी बुडते का, सोबत कोण येणार, सगळं लिहा. कागद भरला की कुणी न सांगताही दिसतं, बाई कुठे सुटणार आहे ते.

मग एकेक खेप कमी करा. एचआयव्हीची पहिली तपासणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन उपकेंद्रात किंवा गावातल्या लसीकरणाच्या दिवशी होऊ शकते. सिफिलिसचीही (गरमीचीही) त्याच वेळी होते. दोन्ही एकत्र तपासणारी किटही आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानासाठी गरोदर माता येतातच, तेव्हा आयसीटीसीच्या समुपदेशकांना त्याच दिवशी बोलावून घ्या. ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी सेंटर (मुख्य सेंटरच्या वतीने गोळ्या देणारं केंद्र) असेल तर एएनसीचा (गरोदरपणाच्या तपासणीचा) आणि गोळ्यांचा वार एकच ठेवता येतो का, हे तिथल्या अधीक्षकांशी बोलून ठरवा. यासाठी नवीन पद लागत नाही की नवीन इमारत लागत नाही. वेळापत्रक मात्र हलवावं लागतं, आणि ते हलवायला वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः फोन करावा लागतो.

तपासणीआधीचं बोलणं

तपासणी प्रत्येकीला सुचवायची, पण तिच्या संमतीनेच करायची. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करायला त्यात मनाई आहे. गर्दीच्या ओपीडीत लांबलचक समुपदेशन जमत नाही, हे खरं. पण दोन मिनिटं नीट बोलणं जमतं. असं काहीतरी:

"ताई, गरोदरपणात आपण प्रत्येकीचं हिमोग्लोबिन, शुगर बघतो, तसंच एचआयव्ही आणि गरमीचंही रक्त बघतो. कुणावर संशय आहे म्हणून नाही, सगळ्यांचंच. काही निघालं तर बाळाला लागू नये म्हणून गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत. निकाल फक्त तुम्हालाच सांगणार. करू या का?"

हे बोलताना सासू शेजारी बसलेली नसावी. तिला वजन-काट्याजवळ किंवा केसपेपरच्या खिडकीवर काहीतरी कामाला लावा. खोलीला दार नसेल तर निदान पडदा हवाच.

निकाल निगेटिव्ह आला तर त्याच दिवशी सांगा आणि नवऱ्याच्या तपासणीचा विषय काढा. तो ट्रकवर असेल, बाहेरगावी कामाला असेल किंवा त्याचा निकाल माहीत नसेल, तर शेवटच्या तिमाहीत हिची पुन्हा तपासणी करा. संसर्ग अगदी ताजा असेल तर पहिल्या तपासणीत तो दिसत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नव्याने संसर्ग झाला तर रक्तातलं विषाणूंचं प्रमाण खूप वाढलेलं असतं आणि बाळाला धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून निगेटिव्ह बाईलाही "आता नऊ महिने आणि पाजणं चालू असेपर्यंत निरोध" हे सांगायलाच हवं.

निकाल रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारा) आला तर "पॉझिटिव्ह" हा शब्द तोंडातून काढू नका. उपकेंद्रातली तपासणी प्राथमिक असते. खात्री आयसीटीसीत, वेगवेगळ्या तीन किटवर तपासून होते. "आणखी एक तपासणी करावी लागेल, मी तुमच्यासोबत येते" एवढंच बोला आणि खरंच सोबत जा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. एकट्या चिठ्ठीवर पाठवलेली बाई वाटेतूनच परत फिरते. कधी भीतीने, कधी भाड्याला पैसे नाहीत म्हणून.

जी बाई कुठेच नोंद नसताना थेट कळा सुरू झाल्यावर येते, तिची तपासणी प्रसूतिगृहातच करायची. म्हणून किट लॅबच्या कुलपात नको, प्रसूतिगृहात हवं; रात्री दोन वाजता लॅबची चावी सापडत नाही.

नवऱ्याला कोण सांगणार

हा प्रश्न फार नाजूक आहे आणि घाई केली तर बाईचं घरच तुटतं. गरोदरपणात तपासणी आधी बाईची होते, म्हणून "हिनेच आणला" असा आळ तिच्यावर येतो. चांगला मार्ग म्हणजे दोघांना एकत्र तपासणीला बोलावणं. "बाळासाठी दोघांचं रक्त बघतो" असं सगळ्याच जोडप्यांना सांगितलं की कुणी वेगळं पडत नाही. ठरावीक अटींवर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, अशी तरतूद कायद्यात आहे. पण बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल तर सांगायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे "घरी कळलं तर काय होईल?" हा प्रश्न समुपदेशनात आधी विचारा आणि तिचं उत्तर प्रमाण माना.

गोळ्यांचं वेळापत्रक: लोह, कॅल्शियम आणि टीएलडी

दोन कार्यक्रम एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा नुकसान कसं होतं, ते इथे अगदी स्पष्ट दिसतं. एआरटी सेंटर बाईला टीएलडी देतं. म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक. उपकेंद्रातली सिस्टर तिला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी देते. दोघींचंही बरोबर असतं. पण लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. बाई तिन्ही गोळ्या एका घोटात, उपाशीपोटी घेत असेल, तर ती रोज न चुकता औषध घेऊनही उपचार अर्धवटच होतो.

नियम असा: टीएलडी ही लोह-कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. जेवणासोबत घेतली तर मात्र एकत्र चालते. प्रत्यक्षात बाईला असं बसवून द्या: सकाळी उठल्यावर सहाच्या सुमारास टीएलडी. नऊला भाकरी खाताना कॅल्शियम. दुपारी लोहाची गोळी. रात्री जेवताना दुसरं कॅल्शियम. सकाळी मळमळत असेल तर टीएलडी रात्रीच्या जेवणात घ्यायला सांगा, भरल्या पोटी ती कॅल्शियमसोबत घेतली तरी चालते. जळजळ होते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या अँटासिडलाही तोच २ आणि ६ तासांचा नियम आहे, आणि तिथे जेवणाची सवलत नाही. हे कुणी विचारत नाही, म्हणून तुम्ही विचारा.

लोह-कॅल्शियम बंद करा असं चुकूनही सांगू नका. रक्त कमी असलेल्या आईला त्यांची तितकीच गरज आहे.

दुसरा प्रश्न: "गोळ्या घरात कुठे ठेवणार?" एकत्र कुटुंबात डबीचा खुळखुळाट सगळ्यांना ऐकू जातो. लेबल काढून टाका, डबीत थोडा कापूस घाला, पण गोळ्या त्याच डबीत ठेवा आणि ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. धान्याची कोठी, साडीची घडी, शिवणाचा डबा, तिची जागा तिलाच ठरवू द्या. उत्तर मिळालं नाही तर समजा की गोळ्या घरी पोचणार नाहीत.

औषध लागू पडतंय की नाही हे ३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची तपासणी) करून बघायचं. त्या निकालावर बाळाचा धोका किती आणि त्याला कोणतं औषध द्यायचं, हे ठरतं. त्यामुळे तो नमुना चुकला तर नंतर भरून निघत नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर ३२ वा आठवडा कधी येतो ती तारीख नोंदणीच्याच दिवशी काढून ठेवा.

माहेर आणि ऊसतोड

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासरच्या केंद्रात सगळं सुरळीत चाललेलं असतं, सातव्या महिन्यात ओटी भरली की बाई दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जाते आणि तिथल्या सिस्टरला काहीच माहीत नसतं. म्हणून "बाळंतपण कुठे?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. मग तिची परवानगी घेऊन माहेरच्या केंद्रातल्या एकाच जबाबदार व्यक्तीला फोन करा. निघताना पुरेशा गोळ्या, पेशंट बुकलेट (उपचाराची नोंदवही) आणि बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरापीन सिरप तिच्यासोबत जाईल असं बघा. माहेरी आईला माहीत असेल तर काम सोपं होतं, नसेल तर सिरप कोण पाजणार हे आधी ठरवा.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड जोडप्यांचं याहून अवघड आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत कोपीवर सहा महिने मुक्काम, टोळी आज या फडात तर उद्या त्या फडात. बाईने दिवसाची रजा घेतली तर मुकादम उचलीतून खाडा कापतो. अशा बाईला "दर महिन्याला या" म्हणणं म्हणजे उपचार बंद करणंच आहे. गाडी भरायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गावातच तपासणी उरकून घ्या. जितक्या महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतील तितक्या मागून घ्या. तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणच्या एआरटी सेंटरवरही गोळ्या मिळतात, फक्त बुकलेट सोबत हवं. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही.

प्रसूतिगृहात

बाईला एचआयव्ही आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करायचं नाही. ते प्रसूतिशास्त्राच्या नेहमीच्या कारणांसाठीच करायचं. पाण्याची पिशवी गरज नसताना फोडू नका. हातमोजे, चष्मा, एप्रन ही काळजी प्रत्येक बाळंतपणात घ्यायची, कारण जिचा निकाल माहीत नाही तीही बाधित असू शकते. वेगळी खाट, खाटेवर लाल पट्टी, केसपेपरवर मोठ्या अक्षरात शेरा, यातलं काहीही नको.

सुई टोचली तर जखम दाबू नका, साबण-पाण्याने धुवा आणि प्रतिबंधक गोळ्या लवकरात लवकर, शक्यतो २ तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करा. त्या २८ दिवस घ्यायच्या. या गोळ्या कुठे ठेवल्यात हे रात्रपाळीच्या सिस्टरला आणि मावशींनाही माहीत असलं पाहिजे. कर्मचाऱ्यांची भीती अशाने कमी होते आणि भीती कमी झाली की बाईशी वागणंही आपोआप सुधारतं.

बाळ: सहा आठवड्यांचं गणित

जन्मल्याबरोबर सिरप सुरू करायचं आणि किमान ६ आठवडे द्यायचं. नेव्हिरापीनच्या सिरपमध्ये १ मिलीला १० मिलिग्रॅम औषध असतं. अडीच किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळाला दिवसातून एकदा दीड मिली, दोन ते अडीच किलोच्या बाळाला एक मिली, त्याहून लहान बाळाला वजनाच्या हिशेबाने. आईने उशिरा गोळ्या सुरू केल्या असतील किंवा व्हायरल लोड जास्त असेल तर बाळाचं औषध वाढतं, ते एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना विचारून द्या. सिरिंजवर मार्करने रेघ मारून द्या आणि पहिला डोस आईच्या हातून तुमच्यासमोर पाजून घ्या.

पाजण्याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. आई गोळ्या घेत असेल तर सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पुढे वरच्या अन्नासोबत किमान वर्षभर पाजणं चालू. पहिल्या सहा महिन्यांत आईचं दूध आणि वरचं दूध, मध, गुटी, पाणी असं मिसळलं तर बाळाच्या आतड्याला इजा होऊन धोका वाढतो. गुटी देणारी आजी असते, म्हणून आजीशी बोलावं लागतं. तिला कारण सांगायची गरज नाही, "सहा महिने काही नाही, फक्त अंगावरचं" हे सगळ्याच बाळांसाठी खरं आहे.

बाळाचा पहिला नमुना, टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपके, सहाव्या आठवड्यात घ्यायचा. पेंटाव्हॅलंटची पहिली लसही सहाव्याच आठवड्यात असते. इतर जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमोक्साझोलही तेव्हाच सुरू होतं. आणि आईला पाळणा लांबवण्याबद्दल विचारायची वेळही तीच. चार कामं, एकच दिवस. लसीच्या यादीवर त्या बाळाच्या नावापुढे फक्त तुम्हाला कळेल अशी खूण करा आणि आयसीटीसीला आदल्या आठवड्यात कळवा. पुढच्या तपासण्या ६ आणि १२ महिन्यांना, पाजणं थांबल्यावर पुन्हा, आणि १८ महिन्यांना शेवटची खात्री. १८ महिन्यांची भेट सगळ्यात जास्त चुकते, कारण बाळ धडधाकट दिसत असतं.

पाळणा: दोन्ही खोल्यांत विचारा

एआरटी सेंटरमध्ये "मूल हवंय का?" हे विचारलं जात नाही आणि कुटुंब नियोजनाच्या टेबलावर एचआयव्हीचा विषय निघत नाही. दोन्हीकडे एकेक प्रश्न वाढवला तरी बरंच साधतं. नको असलेली गर्भधारणा टाळणं हा बाळाचा संसर्ग टाळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच झालं आहे.

तब्येत ठीक असलेल्या बाधित बाईला तांबी बसवता येते. अंतरा इंजेक्शन, छाया किंवा माला-एन या गोळ्या, हेही चालतं. डोल्युटेग्राविरमुळे त्यांचा परिणाम कमी होत नाही. एफाविरेन्झ असलेली जुनी औषधं किंवा क्षयरोगाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर संप्रेरकांच्या गोळ्या आणि इंप्लांट कमी पडू शकतात, तेव्हा तांबी किंवा अंतरा बघा. यातलं काहीही एचआयव्ही किंवा गुप्तरोग अडवत नाही, म्हणून निरोध सोबत हवाच. तो वापरायचा कसा हे मॉडेलवर दाखवा, नुसतं पाकीट हातात देऊ नका.

ज्या जोडप्याला मूल हवं आहे त्यांना "आता कशाला?" म्हणू नका. बाधित जोडीदाराचा व्हायरल लोड पूर्ण दबलेला असेल, इतका की तपासणीत विषाणू सापडतच नाही, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. त्यांना थांबून, लोड बघून, मग प्रयत्न करायला सांगा. गर्भपात किंवा नसबंदीसाठी दबाव आणणं, "पॉझिटिव्ह आहेस, ऑपरेशन करून टाक" असं बाळंतपणाच्या खाटेवर म्हणणं, हा तिच्यावर अन्याय आहे. माझ्या मते या विषयात आरोग्य यंत्रणेने सगळ्यात जास्त दुखावलं असेल तर ते इथेच.

अंगावरून पांढरं जाणं आणि इतर

पांढरं जाण्याची तक्रार घेऊन आलेली बाई ही एचआयव्ही प्रतिबंधाची मोठी संधी असते. रंगावरून ओळखायच्या औषधांच्या किट केंद्रात असतात: गर्भाशयमुखाच्या स्रावाला करडी, योनिमार्गाच्या स्रावाला हिरवी, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळी. नवऱ्यालाही औषध दिल्याशिवाय करड्या किटचा उपयोग टिकत नाही. गरोदर बाईला पिवळी किट देऊ नका, वरच्या दवाखान्यात पाठवा. सिफिलिस निघालं तर बेंझाथीन पेनिसिलीन २४ लाख युनिटचं इंजेक्शन त्याच दिवशी द्या.

बाधित बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी करायला सांगते. एआरटीच्या वारी ती करून घ्या. लैंगिक अत्याचारानंतर आलेल्या मुलीला ७२ तासांच्या आत एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या आणि गर्भधारणा रोखणारी गोळी, दोन्ही द्यायच्या. उपचार मोफत आणि तात्काळ देणं प्रत्येक रुग्णालयावर, खासगीवरही, बंधनकारक आहे. पोलिसांची चिठ्ठी नाही म्हणून थांबवू नका.

दर महिन्याचा ताळा

महिन्याच्या शेवटी एएनसी रजिस्टर आणि आयसीटीसीचं रजिस्टर शेजारी ठेवा. नोंद किती, तपासणी किती, रिअ‍ॅक्टिव्ह किती, खात्री झाली किती, गोळ्या सुरू किती, ३२ आठवड्यांनंतरचा लोड झाला किती, बाळाचा पहिला नमुना गेला किती, १८ महिन्यांची खात्री किती. आकडा जिथे घसरतो तिथल्या बाईचं नाव शोधा आणि ती कुणाच्या जबाबदारीवर आहे ते त्याच बैठकीत ठरवा. नावं बैठकीत मोठ्याने वाचू नका. ज्याला कळायला हवं त्यालाच कळावं, आणि आशा ताईंनाही बाईच्या परवानगीनेच. किटचा, सिरपचा आणि निरोधचा साठा, मुदत आणि उन्हाळ्यात ठेवण्याचं तापमानही याच दिवशी बघा.

जी बाई पत्त्यावर सापडत नाही, तिच्यासाठी जिल्हा एड्स नियंत्रण पथक, लिंक वर्कर (गावोगाव एचआयव्हीचं काम करणारे कार्यकर्ते) आणि विहान केंद्र (बाधितांना आधार देणारं केंद्र) यांच्याकडे त्याच आठवड्यात विचारणा करा. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तो केसपेपरच्या खिडकीवर आणि प्रसूतिगृहाच्या दारावर लावा. ज्या दवाखान्यात २० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे कायद्यानुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यांचं नाव आणि फोन नंबर त्या कागदाखालीच लिहा.